आधी रजेचा फॉर्म दाखवा

गेल्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की सुट्टी संपत आली, उद्या कामावर जायचंय हे आठवलं की पोटात गोळा येतो का, आणि येत असेल तर नेमका कशाने येतो ते लिहा. पत्रं इतकी आलीत की सगळी घेणं शक्यच नाही, पण वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, जवळपास कोणीच "काम फार अवघड आहे" असं लिहिलेलं नाही. लोकांनी लिहिलंय ते रजा मागताना होणाऱ्या धाकधुकीबद्दल, रात्री वाजणाऱ्या फोनबद्दल, आदल्या दिवशी बदललेल्या ड्युटीबद्दल. म्हणून यावेळी मीही तिथेच थांबलेय, रोजच्या साध्यासुध्या पद्धतींपाशी. पत्रांमधून नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी साधारण 300 लोकांच्या कंपनीत एचआरमध्ये आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदाच कर्मचाऱ्यांच्या वेलनेससाठी बजेट मिळालं, मी खूप उत्साहाने कामाला लागले, मेडिटेशनचं ॲप घेतलं, दर महिन्याला वेबिनार, पावलं मोजायचं चॅलेंज, योगा सेशन, सगळं केलं. पहिल्या वेबिनारला 80 जण होते, आता 9 येतात आणि त्यातले 4 आम्ही एचआरचेच. राजीनामे काही थांबले नाहीत. वरून विचारणा होतेय की एवढा खर्च करून उपयोग काय झाला. माझं कुठे चुकलं?
– एचआरमधली एक वाचक

उत्तर: तुमचा हेतू चुकला नाही आणि मेहनतही कमी पडली नाही हे आधी सांगते, कारण पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतःला फारच दोष दिलाय. जे तुमच्याकडे झालं ते मोठमोठ्या अभ्यासांतही दिसलंय. ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या माहितीवर विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने काम केलं, ते 2024 मध्ये छापून आलं, त्यात माइंडफुलनेस, रेझिलियन्सचं म्हणजे ताण झेलून पुन्हा सावरण्याचं ट्रेनिंग, वेलबीइंगची ॲप्स यात भाग घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक जवळपास दिसलाच नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने स्वतःच्या जवळजवळ 5,000 कर्मचाऱ्यांवर वेलनेस कार्यक्रमाचा प्रयोग केला, लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून. तिथेही आजारपणाच्या खर्चावर किंवा कामावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. उलट असं दिसलं की कार्यक्रमाला येणारे लोक आधीपासूनच जास्त तब्येत सांभाळणारे होते. तुमच्या वेबिनारला येणारे 9 जण कोण आहेत ते एकदा बघा, मला वाटतं तिथेही हेच दिसेल.

आता कारण काय तर मला जे कळलंय ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, व्याख्या केली तेव्हा त्याला आजारांच्या यादीत धरलं नाही, कामाशी जोडलेली घटना म्हटलं, कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी. म्हणजे गळती नळाला आहे आणि आपण माणसाच्या हातात फडकं देतोय. फडकं चांगलं असेलही, पण तो माणूस पुसून पुसून दमतो, आणि वर त्याला वाटायला लागतं की आपल्यालाच नीट पुसता येत नाहीये. ॲप देताना आपण नकळत असाच निरोप देतो की ताण तुझा आहे, तुझा तू बघ.

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेने कामातल्या ताणाची सहा मुळं सांगितलीयत, कामाचा बोजा, कामावर स्वतःचा ताबा, मिळणारा आधार, आपसातले संबंध, आपली भूमिका स्पष्ट असणं आणि बदल कसे केले जातात ते. या सहातलं एकही वेबिनारमध्ये बदलत नाही. ते बदलतं काम वाटताना, रजा देताना, अप्रेझल करताना, नवीन माणूस रुजू होताना. म्हणजे जे तुमच्याच हातातले फॉर्म आणि पद्धती आहेत तिथेच.

तर एक काम करा, तुमच्या कंपनीचा रजेचा फॉर्म उघडा. मी अशा बऱ्याच कंपन्यांचे फॉर्म पाहिलेत आणि त्यात तीन रकाने हमखास असतात. पहिला रकाना "रजेचं कारण", आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. दुसरा "कामाची पर्यायी व्यवस्था", आणि तो रजा मागणाऱ्यानेच भरायचा. तिसरा "रजेच्या काळातला संपर्क क्रमांक". आता हे तीन रकाने आजारी मुलाला घेऊन बसलेल्या आईच्या नजरेने वाचा. पहिला म्हणतो आधी पटवून दे. दुसरा म्हणतो तुझ्या जागी कोण ते तूच शोध, म्हणजे तिने चार सहकाऱ्यांना फोन करायचे, विनवण्या करायच्या आणि पुढच्या वेळी त्यांचे उपकार फेडायचे. तिसरा सांगतो की ही रजा खरी नाहीच, आम्ही फोन करणार. मग लोक रजा घेत नाहीत आणि आपण म्हणतो रजा तर भरपूर शिल्लक आहेत, घेत का नाहीत कळत नाही.

बदल अगदी छोटा आहे. हक्काच्या रजेला कारणाचा रकाना काढून टाका. पर्यायी व्यवस्थेचा रकाना मॅनेजरच्या बाजूला न्या, तो त्याने भरल्याशिवाय मंजुरीचं बटणच दाबता येऊ नये, कारण काम वाटणं हे त्याचं काम आहे. संपर्क क्रमांक काढा आणि तिथे "या काळात या कामांसाठी कोणाला विचारायचं" असा रकाना टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पैसा लागत नाही. मग असंच एकेक करून पुढे जा, रुजू होण्याची चेकलिस्ट, अप्रेझलचा फॉर्म, राजीनाम्यानंतरच्या मुलाखतीचे प्रश्न. प्रत्येक ठिकाणी एकच बघायचं, हा कागद या माणसावर नवीन ओझं टाकतोय की त्याचं काही उचलतोय.

वरच्या लोकांना काय सांगायचं हाही प्रश्न आहेच. राजीनामे हाच एक आकडा दाखवू नका, तो हलायला वेळ लागतो. मंजूर झालेल्या रजा खरोखर किती घेतल्या गेल्या, रजेच्या दिवशी किती जणांनी सिस्टीममध्ये लॉगिन केलं, कोणत्या टीममध्ये सुट्टीच्या दिवशी काम चालतं, हे आकडे तुमच्याकडे आधीपासूनच पडलेले आहेत. ते टीमवार मांडा, माणसांची नावं न घेता. योगा सेशन ज्यांना आवडतंय त्यांच्यासाठी चालू ठेवा की, माझा योगाला विरोध नाही, फक्त ते कामाच्या वेळेत ठेवा आणि तेवढ्या वेळाचं काम खरंच कमी करा.

प्रश्न: मी आठ जणांच्या टीमचा लीड आहे. मी स्वतः खूप समजून घेणारा आहे असं टीमही म्हणते. मी सांगून ठेवलंय की ऑफिसची वेळ संपली की कोणी उत्तर द्यायची गरज नाही. तरी सगळे रात्री दहालाही लगेच रिप्लाय देतात. मग चूक त्यांचीच नाही का?
– एक टीम लीड

उत्तर: रात्री दहाला तुम्ही मेसेज पाठवता म्हणून ते उत्तर देतात हो.

हे मी अधिकाराने सांगतेय कारण मीही हेच केलंय. टीम लीड होते तेव्हा रात्री साडेअकराला काही डोक्यात आलं की लगेच मेल टाकून मोकळी व्हायचे, मनात एवढंच की सकाळपर्यंत विसरायला नको. सकाळी उत्तर दिलं तरी चालेल असं मी त्यात कुठेही लिहायचे नाही, मला ते उघडच वाटायचं. एकदा एका रिपोर्टमधल्या आकड्याबद्दल विचारलं आणि टीममधल्या मुलीचं उत्तर सात मिनिटांत आलं, खाली सॉरी लिहून, की आत्ता मोबाईलवरच बघतेय, चूक असेल तर सकाळी दुरुस्त करते. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं की ती त्या वेळी हॉस्पिटलमध्ये वडिलांच्या बेडशेजारी बसली होती. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. तो मेल मी नंतर कितीतरी वेळा उघडून वाचला. त्या आकड्याची गरज पुढच्या आठवड्यात होती.

2021 मध्ये लॉरा जिअर्जे आणि व्हेनेसा बॉन्स या दोन संशोधक बायकांनी याच्यावरच काम केलंय. ऑफिसच्या वेळेबाहेर मेल मिळालेल्या माणसाला वाटतं की पाठवणाऱ्याला उत्तर लगेच हवंय, आणि पाठवणाऱ्याला खरं तर तेवढी घाई नसते. ही दरी दोघांनाही दिसत नाही. पाठवणाऱ्याने स्पष्ट लिहिलं की घाईचं नाहीये, तर ती बरीच कमी होते. म्हणजे कधीतरी मीटिंगमध्ये सांगून ठेवलेलं पुरत नाही, ते त्या त्या मेसेजमध्येच यावं लागतं, आणि त्याहून बरं म्हणजे मेसेज रात्री लिहा पण सकाळच्या वेळेला शेड्यूल करून ठेवा, बहुतेक मेल आणि चॅटच्या ॲप्समध्ये ती सोय असते.

दुसरं म्हणजे खरोखर तातडीचं काय ते ठरवून लिहून ठेवा. दोन-तीन ओळी पुरतात, सिस्टीम बंद पडली, ग्राहकाचं काम पूर्ण अडलं, कोणाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. एवढ्यासाठी फोन करायचा, मेसेज नाही, आणि फोन कोणाला लागेल याची पाळी लावायची, त्या पाळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा द्यायची. मग बाकीचे सात जण निर्धास्त फोन बाजूला ठेवू शकतात. आत्ता तुमच्याकडे आठच्या आठ जण रोज रात्री पाळीवर आहेत, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

कायद्यानेही यात हात घातलाय. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात, आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आला, अर्थात नकार अवाजवी नसेल तर. पण तुम्हाला आठ माणसांसाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न: मी हॉस्पिटलमध्ये वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. तुमच्या कॉलममध्ये सगळं ऑफिसवाल्यांचंच असतं, लॅपटॉप बंद करा, मीटिंग कमी करा. आमच्याकडे लॅपटॉप नाही आणि पेशंट बंद करता येत नाहीत. माणसं कमी आहेत, ती वाढवणं माझ्या हातात नाही. ड्युटी चार्ट मात्र मी लावते. त्यात काही करता येईल का?
– एक इन्चार्ज सिस्टर

उत्तर: तुमचा राग रास्त आहे आणि तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माणसं कमी असणं हा प्रश्न चार्टने सुटत नाही, तो वरपर्यंत लेखी मांडत राहायलाच हवा, तारीख आणि त्या दिवशीची पेशंटची संख्या टाकून. पण ड्युटी चार्ट तुमच्या हातात आहे ही फार मोठी गोष्ट आहे, माझ्या मते त्या वॉर्डमधल्या सिस्टरांच्या तब्येतीवर सगळ्यात जास्त ताबा त्या एका कागदाचा आहे.

पहिलं बघायचं ते ड्युटी कोणत्या दिशेने फिरतात. मॉर्निंगनंतर इव्हिनिंग आणि मग नाइट, असं पुढे पुढे सरकणं शरीराला त्यातल्या त्यात सोपं जातं, कारण आपलं आतलं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत 24 तासांपेक्षा जरासं लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. नाइटवरून इव्हिनिंग, इव्हिनिंगवरून मॉर्निंग असा उलटा चार्ट असेल तर तो आधी बदला. सगळ्यात वाईट म्हणजे इव्हिनिंग संपवून घरी गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावणं, मधले तास कागदावर आठ-नऊ दिसतात, पण त्यातून जाणं-येणं, घरचं काम वजा केलं की झोपेला चार-पाच उरतात आणि तीच सिस्टर सकाळी इंजेक्शनचे डोस मोजत असते. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या नियमांत दोन कामाच्या दिवसांच्या मध्ये सलग 11 तास विश्रांती लागते. तुमच्याकडे तो नियम असो नसो, चार्ट लावताना 11 हा आकडा पेन्सिलने समासात लिहून ठेवा आणि ज्या दोन ड्युटींमध्ये त्याहून कमी येतंय तिथे गोल करा. पहिल्यांदा खूप गोल होतील, मग हळूहळू कमी करता येतात.

नाइटबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण हे माहीत असलेलं बरं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला बहुधा कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. म्हणून सलग नाइट कमी ठेवा, आणि नाइट संपते तो दिवस "ऑफ" म्हणून मोजू नका. ती सकाळी घरी जाऊन दिवसभर झोपते, त्याला सुट्टी म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं हा हिशेब कागदावर जुळतो, अंगावर जुळत नाही.

दुसरं, चार्ट किती आधी लागतो. दोन आठवडे आधी लागला तर माणूस मुलांच्या परीक्षा, आईचा दवाखाना, काहीतरी ठरवू शकतो. 1979 मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं होतं की नुसत्या जास्त कामाने माणूस मोडत नाही, जास्त काम आणि त्यावर स्वतःचा काहीच ताबा नाही, हे एकत्र आलं की मोडतो. तुमच्या सिस्टरांचं काम तुम्ही कमी करू शकत नाही पण थोडा ताबा देऊ शकता. चार्ट लावायच्या आधी एक वही ठेवा, त्यात प्रत्येकीने महिन्यातले दोन दिवस लिहायचे जे तिला काहीही करून मोकळे हवेत, कारण लिहायचं नाही. दोघींनी आपसात ड्युटी बदलली तर 11 तासांचं गणित बिघडत नसेल तर तुम्ही फक्त सही करायची.

आणि ड्युटी हँडओव्हर. नवीन ड्युटीची सिस्टर आली की पेशंटची सगळी माहिती देऊन निघायला वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं बहुतेक ठिकाणी कोणाच्याच ड्युटीत धरलेली नसतात, जाणारीच्या घरच्या वेळेतून जातात. महिन्याचा हिशेब काढा, 25 ड्युट्या गुणिले 20 मिनिटं म्हणजे आठ तासांहून जास्त, पूर्ण एक ड्युटी, फुकट. हा आकडा तुमच्या वॉर्डमधल्या सिस्टरांच्या संख्येने गुणून मेट्रनपुढे ठेवा. माणसं वाढवून मागताना जे पटत नाही ते कधीकधी अशा हिशेबाने पटतं.

प्रश्न: ताई, मी 24 वर्षांचा आहे, पहिलीच नोकरी. कंपनीने एंगेजमेंट सर्व्हे, म्हणजे कर्मचाऱ्यांना कामाबद्दल काय वाटतं ते विचारणारा, केला, लिहिलं होतं की पूर्ण गोपनीय आहे, मी मनापासून भरलं की मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडतात आणि त्यामुळे काही चुकलं तर सांगायची भीती वाटते. आमची टीम पाच जणांची. रिपोर्ट आल्यावर मॅनेजरने मीटिंगमध्ये ती वाक्यं वाचून दाखवली आणि माझ्याकडे बघत राहिले. आता पुढचा सर्व्हे आलाय. सगळीकडे 5 पैकी 5 देऊन टाकू का?
– एक नवीन नोकरदार

उत्तर: तुझ्या जागी मी असते तर या वेळी मोकळ्या उत्तरांचा रकाना रिकामा सोडला असता, आणि त्यात कमीपणा काही नाही. खोटं 5 देऊ नकोस, पण स्वतःला उघडं पाडणारं लिहिणं ही तुझी जबाबदारी नाही, जोपर्यंत ते सांभाळायची जबाबदारी कंपनी घेत नाही.

चूक कोणाची ते नीट सांगते, कारण हे वाचणारे एचआरवाले आणि मॅनेजरही आहेत. पाच जणांच्या टीमचा वेगळा रिपोर्ट काढणं हेच चुकीचं आहे. ठरावीक संख्येच्या खाली, आठ म्हणा दहा म्हणा, टीमवार रिपोर्ट काढायचाच नाही, ती वरच्या विभागात मिसळायची, आणि लोकांनी लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी मॅनेजरच्या हातात द्यायची नाहीत, कारण माणूस भाषेवरून ओळखू येतो. हे सर्व्हे पाठवायच्या आधी ठरवून त्याच मेलमध्ये लिहायचं असतं. आणि गेल्या सर्व्हेत लोकांनी काय सांगितलं आणि त्यातलं काय केलं, हे सांगितल्याशिवाय पुढचा सर्व्हे काढूच नये असं माझं ठाम मत आहे. नुसतं विचारत राहायचं आणि काहीच करायचं नाही यापेक्षा न विचारणं बरं.

चूक सांगायची भीती वाटते असं तू लिहिलंस ना, ते फक्त तुझ्या मनाचा प्रश्न नाही, कामाचाही आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स पाहिल्या, औषधं देण्यातल्या चुका कुठे किती होतात ते. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीम्समध्ये नोंदवलेल्या चुका जास्त. मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथे लोक चुका लपवत नव्हते, मोकळेपणाने बोलत होते. तुझ्या मॅनेजरच्या टीममध्ये चुका कमी दिसत असतील, आणि त्याला वाटत असेल सगळं उत्तम चाललंय.

तुझ्यासाठी आत्ता एवढंच कर, एचआरमध्ये ज्यांच्यावर तुझा त्यातल्या त्यात विश्वास आहे त्यांना भेट, आणि तक्रार मॅनेजरच्या स्वभावाची करू नकोस, सर्व्हेच्या पद्धतीची कर. गोपनीय म्हटलेली उत्तरं मीटिंगमध्ये वाचली गेली, हे कसं झालं, एवढाच प्रश्न. भेटून आल्यावर काय बोलणं झालं ते तारखेसकट स्वतःकडे लिहून ठेव. आणि सगळ्यांसमोर ओरडणं चालूच राहिलं तर त्याच्याही नोंदी ठेव, पुढे लागल्या तर हाताशी असतील.

प्रश्न: माझी 11 जणांची छोटी फर्म आहे, एचआर वगैरे काही नाही, मीच सगळं. मला माझ्या लोकांची खरंच काळजी आहे पण वेळ नाही. एकच गोष्ट करायची तर काय करू?
– एक छोटे व्यावसायिक

उत्तर: नवीन काम देताना समोरच्याला विचारा, "हे घेतलंस तर हातातलं काय मागे पडेल?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. बहुतेक वेळा आधी "जमेल, जमेल" असं येईल कारण तुम्ही मालक आहात, तेव्हा परत विचारा. जे मागे पडणार ते तुमच्या तोंडाने सांगा की ठीक आहे, ते पुढच्या आठवड्यात चालेल, आणि त्या ग्राहकाला तुम्ही कळवा, त्याला कळवायला लावू नका. 11 जणांत ही सवय लागायला महिना-दीड महिना पुरतो.

आणि तुम्ही स्वतः आठवड्याला किती तास काम करता ते पत्रात लिहिलं नाहीये, पण "मीच सगळं" यावरून अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून जो अभ्यास दिला त्यात आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. मालकाचं हृदय वेगळं नसतं. तुम्ही सहाला निघालात की बाकीच्यांनाही निघता येतं.

प्रश्न: माझ्या टीममधला एक जण डिप्रेशनमुळे साडेतीन महिने रजेवर होता. येत्या सोमवारी परत येतोय. मला त्याच्याशी कसं वागायचं कळत नाहीये. विचारपूस करू की काहीच झालं नाही असं दाखवू? सगळ्यांनी मिळून स्वागत करायचं म्हणतायत. मला चुकायचं नाहीये.
– एक मॅनेजर

उत्तर: सगळ्यांनी मिळून स्वागत नको, प्लीज. त्याला विचारल्याशिवाय तर अजिबात नको. सोमवारच्या आधी त्याला एक फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा, टीमला काय सांगितलेलं तुला चालेल, आणि पहिल्या दिवशी किती वाजता आलास तर बरं पडेल. आजाराबद्दल त्याने सांगितलं तर ऐका, खोदून विचारू नका, गोळ्या चालू आहेत का हेही नको.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या जागच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मॅनेजरना ट्रेनिंग देण्याचं आहे आणि परत कामावर येणाऱ्यांसाठी उपचारांबरोबर कामातही बदल करण्याचं आहे, म्हणजे नुसती औषधं घेऊन ये आणि पूर्वीसारखा लाग कामाला असं नाही. तुमच्या हातात हा दुसरा भाग आहे. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, मग हळूहळू वाढवत सहा-आठ आठवड्यांत पूर्ण, त्याच्या डॉक्टरांचं मत घेऊन आणि पगाराचं काय होणार ते आधीच लेखी स्पष्ट करून, कारण ती चिंता डोक्यात असेल तर बाकी सगळं वाया. काम एक, पूर्ण होईल असं, डेडलाइन लांबची. ज्या गोष्टीमुळे तो आजारी पडायच्या आधी दमला होता ती तशीच असेल, दोन माणसांचं काम एकावर वगैरे, तर ती आधी सोडवा, नाहीतर त्याच खड्ड्यात परत.

एक बारीक गोष्ट सांगते जी कोणी करत नाही. साडेतीन महिन्यांनी माणूस कॉम्प्युटर उघडतो तेव्हा समोर हजारो न वाचलेले मेल असतात. मी एकाला बघितलंय, पहिल्या दिवशी खुर्चीत बसला, तो आकडा बघितला, आणि स्क्रीन तशीच ठेवून कितीतरी वेळ वॉशरूममध्ये जाऊन उभा राहिला. तो परत आल्यावर आम्ही दोघांनी मिळून सगळे जुने मेल एका फोल्डरमध्ये हलवले आणि इनबॉक्स रिकामा केला. तेव्हा तुम्ही त्याच्या परवानगीने आयटीवाल्यांना सांगून सोमवारच्या आधीच ते करून घ्या, फोल्डरला नाव द्या "वाचायची गरज नाही". त्यातलं जे खरंच त्याला लागणार आहे ते तुम्ही एका पानावर लिहून द्या, कोण नवीन आलं, कोण गेलं, त्याचं कोणतं काम आता कोणाकडे आहे, आणि त्यातलं काय त्याच्याकडे परत येणार आहे, कधी.

ते पान त्याच्या टेबलावर ठेवा आणि खाली शुक्रवारी दुपारी आपण दोघं पंधरा मिनिटं भेटू असं लिहा. शुक्रवारी दुसरी कुठलीही मीटिंग आली तरी ही हलवू नका.